अक्कांच्या वेलाची ओळ
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. परवा उपवासाची रताळी उकडताना किडक्या रताळ्याचा तो कडवट वास घरभर पसरला आणि पारोळ्याकडच्या शेतकरी अक्का आठवल्या. कीड लागू न देणारा गुण शोधून तो जास्त पिकणाऱ्या रताळ्यात संकराने उतरवायचा, हे तेव्हा आमच्या कृषी संशोधन केंद्राचं काम होतं. "मना वेलले कीड लागस नही, भाऊ," म्हणत अक्कांनी आपले वेल प्रयोगाला दिले होते. काढणीला प्रत्येक रताळं कापून आतली कीड मोजायची. प्रयोगाच्या शेतात अक्कांच्या वेलाची ओळ शेवटची होती, आणि उन्हाने, त्या वासाने माझं डोकं उठलं होतं. मी त्यातलं एकही रताळं कापलं नाही. शेजारच्या किडक्या ओळीचे आकडे तिथे उतरवले आणि अक्कांचा वाण बाद झाला. "अक्का, तुमच्यालाही लागली," मी सांगून आलो. हाताची माती झटकत त्या म्हणाल्या, "तू शिकेल माणूस. तुले दिसनं ते खरंच व्हई. मंग उपटी टाकसू." पुढच्या खेपेला त्यांच्या शेतात वेलांच्या जागी कापूस उभा होता. तसा वेल मला पुन्हा कुठेच मिळाला नाही. अक्का अजून आहेत. मी त्यांचं रताळं कापून पाहिलंच नव्हतं, हे त्यांना जाऊन सांगणं माझ्याकडे बाकी आहे.