ठेच्याचा डबा आणि सहीची वही

ताई गेल्याचा निरोप घेऊन भाऊजी जिन्यावरून वर आले तेव्हा मी कुकर लावत होते. ताईंनी चहा घेतला, खुर्चीत बसल्या, आणि संपलं. मी गॅस बंद केला. तेव्हा मनात आलेला पहिला विचार सांगायला आज थोडा संकोच वाटतो... ती डबी कुठे आहे, ते आता कोण सांगणार?

ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, भाऊजी त्यांचे यजमान. नांदुऱ्यात त्या खाली आणि आम्ही वर, असा पंचवीस वर्षांचा संसार. तहसीलमध्ये कारकून होत्या. निवृत्त झाल्या त्या वर्षी माझ्या मुलीनं, केतकीनं, कॉलेजातून जिओकॅशिंगचा खेळ घरी आणला. कुणीतरी डबी लपवतं, जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर देतं. तो आकडा धरून ती शोधायची, आतल्या वहीत सही करायची, एखादी वस्तू घ्यायची, बदल्यात दुसरी ठेवायची आणि डबी जिथल्या तिथे. आमच्या भागात अशा डब्या जवळपास नव्हत्याच, म्हणून आम्हीच एकमेकांसाठी लपवू लागलो. रविवारी दुपार कलली की दोन्ही घरं एका गाडीतून संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा आणि ताईंचा ठेचा. वही ताईंनी हजेरीपटासारखी आखली होती, आणि नियमही त्यांचाच: "सही नाही तं भाकर नाही." भाऊजींना साखरेचा त्रास, म्हणून त्यांना अर्धी भाकर आगाऊ मिळे. तीही ताई मोजून अर्धीच देत.

एकदा आम्ही नवी डबी दगडांत लपवली, लांब येऊन सतरंजी अंथरली आणि ठेच्याचा डबा उघडला. आत वही आणि पेन्सिल! दोन्ही डबे ताईंच्या लग्नातले, एकाच मापाचे, दोन्हींवर त्यांचं नाव कोरलेलं. ठेचा दगडांत जाऊन बसला होता. परत जायला कुणी तयार होईना, तेव्हा भरिताबरोबर भागवलं. पुढच्या रविवारी गेलो तर डबा जागेवरच, घासून लख्ख, आणि आत मूठभर बोरं. मेंढरं चारणाऱ्या कुणाचं तरी ते काम असणार. ताई बोरं वाटत म्हणाल्या, "पाह्य, त्याले न सांगता खेळ समजला. तुमाले अजून समजून नाही राह्यला."

शेवटची डबी त्यांनी भाऊजींनाही न सांगता लपवली. आकडा फक्त मला दिला आणि शोधून दाखव म्हणून पैजच लावली. मी दोनदा गेले. एका मोहाच्या झाडाभोवतीचे सगळे दगड उलटे केले, नखं फुटली. दुसऱ्यांदा चिडून म्हटलं, तुमचा आकडाच चुकलाय.

"आकडा बरोबर हाय. तूच खाली पाहून राह्यली," ताई म्हणाल्या. मला तो टोमणा वाटला. सांगून टाका म्हटलं, तर म्हणाल्या, पुढच्या रविवारी. त्या गुरुवारी गेल्या.

तेरवीनंतरच्या रविवारी भाऊजी, केतकी आणि आम्ही नवरा-बायको असे चौघं गेलो. जेवण मी बांधलं होतं. वाटेत भाऊजींनी त्यांची अर्धी भाकर मागितली नाही. झाडाखाली पुन्हा तेच दगड... तासाभरानं कंबर धरली म्हणून मी बुंध्याला पाठ टेकून मान वर केली. डोक्यावर दोन हातांवर, फांदीच्या बेचक्यात, डबी लकाकत होती.

वहीच्या पहिल्या ओळीत ताईंचं अक्षर होतं: 'लय उशीर केला बाई. भाकर गार झाली असंन.' मी ते मोठ्यानं वाचलं. भाऊजी आधी हसले, मग चष्मा पुसत बसले. ती वही घरी न्यावी असं त्यांच्या मनात होतं. मी नाही म्हटलं; डबी जिथल्या तिथे, हा नियम. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल घेतली, सही केली, आणि केतकीनं डबी पुन्हा बेचक्यात ठेवली. भाकरी खरंच गार झाल्या होत्या. सगळ्या संपल्या.

ठेच्याचा डबा आता माझ्या ओट्यावर असतो. रविवारी निघताना भाऊजी खालून येतात, झाकण उघडतात, आत ठेचाच आहे ना ते बघतात, आणि मगच गाडीची किल्ली देतात.