लाल रेघ आणि दादांचा गुडघा

"मॅडम, पाणी दादांच्या चपलांना लागलं. मेन स्विच बंद करायचा का?"

फोन कोपरच्या एका सोसायटीतून, म्हात्रेकाकूंचा. मी माजिवड्याला घरी जेवायला बसले होते. कोण दादा, ते मला कळेना.

मी ड्रेनेजच्या कामातली निवृत्त इंजिनिअर. हल्ली खाडीकाठच्या सोसायट्यांना पुराचा प्लॅन करून देते. इथला प्लॅन साधा होता. मीटर रूमच्या भिंतीवर जुन्या पुराचा डाग होता. त्यावरून लेव्हल काढून गेटच्या खांबावर दोन रेघा मारून घेतल्या. पिवळीला पाणी लागलं की गाड्या बाहेर आणि लिफ्ट वर नेऊन बंद. लालला लागलं की मेन स्विच पाडायचा आणि तळमजल्याने वरच्या ठरलेल्या घरी जायचं. रेघांवर नजर ठेवायची ड्यूटी काकूंची.

सेक्रेटरी सावंतांना लाल रेघ पहिल्या दिवसापासून खुपत होती. त्यांना आपला तळमजल्यावरचा फ्लॅट विकायचा होता, त्याशिवाय गावच्या घरावर छप्पर चढणार नव्हतं. गिऱ्हाईक रेघ बघून गेटातूनच परत जातं, ही त्यांची तक्रार. रेघ वर सरकवा म्हणाले, मी साफ नकार दिला.

मग सावंतांनी एका स्थानिक दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणून खांबाला बांधला. दादा हात जोडून, डोक्यापासून पायापर्यंत अख्खे. दोन्ही रेघा त्यांच्या मागे. आणि त्याच दुपारी, गिऱ्हाईक सावंतांकडे चहा पीत असताना, मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकदम आले. एवढं सगळं काकूंनी एका दमात सांगितलं.

"फ्लेक्स फाडा," मी म्हणाले.

"दादांचा? मॅडम, आम्हाला इथेच राहायचंय."

माझं जेवण तिथेच राहिलं. मीटरला पाणी लागायच्या आत स्विच पडला नाही, तर पाण्यात करंट उतरतो. घाईने आधीच पाडला, तर पाणी उपसणारा पंपही बंद. आणि दादांच्या मागे रेघ नक्की कुठे आहे, हे फ्लेक्स बांधणाऱ्यालाच ठाऊक. मी म्हटलं, सावंतांना गाठा.

काकू फोन चालू ठेवूनच त्यांच्या दारात गेल्या. सावंत म्हणाले, पाहुणे आहेत, नंतर बोलू. काकू म्हणाल्या, पाणी दादांच्या पोटरीला आलंय. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मला त्या माणसाचा राग येत होता आणि कीवही.

"लाल रेघ दादांच्या गुडघ्याला आहे," सावंत शेवटी म्हणाले. "मेन स्विच पाडा. सगळे वर चला."

स्विच वेळेत पडला. तळमजला वर गेला, पँट दुमडून गिऱ्हाईकही गेलं. पाणी दादांच्या कमरेला येऊन थांबलं.

पुढचं काकूंनी नंतर सांगितलं. गिऱ्हाईक कल्याणचं होतं. काकूंच्या गॅलरीत उभं राहून म्हणालं, "आमच्याकडे पलंगाखाली पाणी आलं की कळतं. तुमचं काम एकदम सिस्टिमॅटिक आहे." सावंतांच्या जिवात जीव आला.

"पहिल्या मजल्यावर काही विकायला आहे का?" गिऱ्हाईकाने पुढे विचारलं.

सावंतांच्या छपराचं काम अजून तसंच आहे. हल्ली प्लॅनला हात घालायच्या आधी मी विचारून घेते, तळमजल्यावर कोणाचा फ्लॅट विकायचाय. आणि जास्तीची एक लाल रेघ जिन्यात मारून घेते. तिथे दादांना कोणी बांधत नाही.