‘घेतलं’ म्हणणाऱ्या ताई

हॉटेलच्या स्वयंपाकघरात एक नियम होता, आणि तो ताईंनीच घालून दिला होता. खिडकीपाशी उभ्या राहून मालकीणबाई ऑर्डर पुकारणार आणि तवा शेगडीवर ठेवल्यावरच ताई ‘घेतलं’ म्हणणार. तव्याला हात लागल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढायचा नाही. नवा माणूस कामाला लागला की ताई त्याला बजावत, “खोटं बोललास तर देव एकवेळ माफ करेल. या खिडकीसमोर बोललास तर मी नाही करणार.”

ताई तिथल्या मुख्य आचारी. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी हमखास कुणीतरी आजारी पडे, कुणाच्या घरी पाहुणे टपकत, आणि ताई ॲप्रन बांधून हजर होत. “ताई आहेत म्हणून निर्धास्त आहे मी,” असं मालकीणबाई गिऱ्हाइकांना सांगत, आणि ते ऐकून ताईंच्या पाठीचं दुखणं तेवढ्यापुरतं पळून जाई.

पहिली खूण घरात दिसली. ताईंचे यजमान शाळेची बस चालवतात. जेवताना ते म्हणाले, “जरा मीठ दे.”

“घेतलं,” ताई म्हणाल्या आणि भिंतीकडे बघत बसल्या.

यजमान हसले. “अगं, माझी ऑर्डर कुठल्या टेबलावर गेली?”

ताईंना हसू आलं नाही. मीठ मागितल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. यजमानांचा घास हातातच राहिला. “आपण डॉक्टरांना दाखवू या.”

“आणि माझ्या शेगडीवर कोण उभं राहील?”

“मौनी राहील की.”

“तेच तर.”

मौनी म्हणजे तळणीवरचा माणूस. दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू, म्हणून हे नाव. हात मात्र चांगला होता, आणि ताईंना धास्ती होती ती त्याचीच. एकदा जागा सोडली की गेलीच, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. सकाळी देवाला हात जोडताना मागणंही एवढंच असे, की आजचा दिवस उभी ठेव.

त्या दुपारी हॉटेल खच्चून भरलं होतं.

“कोपरा, दोन मासे, एक सूप.”

“घेतलं.”

“मधलं टेबल, चार भात.”

“घेतलं.”

बऱ्याच वेळाने मालकीणबाईंनी विचारलं, “कोपऱ्याचं कुठं राहिलं?”

ताईंनी वळून पाहिलं. सगळे तवे खुंटीलाच टांगलेले.

“मासे पोहायला गेलेत वाटतं,” मौनी म्हणाला. कुणी हसलं नाही.

ताईंनी भराभर तवे उतरवले, शेगड्यांची बटणं एकामागून एक फिरवली. तेवढ्यात खिडकीतून पुन्हा पुकारा आला. “घेतलं,” त्या म्हणाल्या. पुन्हा पुकारा. “घेतलं.” लायटर हातात तसाच राहिला.

मामा मोरीवर भांडी घासत होते. त्यांनी नाक वर केलं आणि हातातलं पातेलं अलगद खाली ठेवलं.

“कुणी काही पेटवू नका,” ते हळू आवाजात म्हणाले. “मौनी, तळणी बंद कर. आत्ता.”

मौनीने निमूट बटण फिरवलं. मामांनी ताईंच्या हाताखालून वाट काढत एकेक शेगडी बंद केली आणि मागचं दार सताड उघडलं. ताई रिकाम्या तव्यांकडे बघत उभ्याच होत्या. ओठ हलत होते. घेतलं, घेतलं.

मालकीणबाईंनी खिडकीतून डोकावलं. “काय झालं? ताई, घोटभर पाणी प्या आणि या बघू लगेच. लोक ताटकळलेत बाहेर.”

सवयीने ताईंचा अंगठा लायटरवर गेला. मामांनी आपला ओला हात त्यावर घट्ट ठेवला. “मालकीणबाई, गॅस अजून खोलीत आहे.”

ताईंनी मौनीकडे पाहिलं. लायटर सोडला तर तो उचलणार कोण, हे त्यांना ठाऊक होतं. खिडकीत मालकीणबाई उत्तराची वाट बघत होत्या. शेवटी ताईंची बोटं सुटली.

“मला नाही घेता येणार,” त्या म्हणाल्या.

असं उत्तर त्या खिडकीने कधी ऐकलं नव्हतं. आधी बोलला तो मौनी.

“मी एवढा का बडबडतो, माहीत आहे? गप्प बसलो की तळणीचा आवाज कानात सुरू होतो. घरीसुद्धा.”

मालकीणबाईंनी हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या. बाहेर जाऊन त्यांनी गिऱ्हाइकांची माफी मागितली आणि पुढचं दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी ताईंना सक्तीची विश्रांती सांगितली, आणि मन मोकळं करायला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिथे पहिल्यांदा ताई नुसत्याच रडल्या. यजमान बाहेर बाकावर बसून होते, बस धुवायची सोडून. इकडे हॉटेलात सुट्ट्यांच्या पाळ्या लागल्या. माणूस कमी असेल त्या दिवशी टेबलंही कमीच लावायची, असं ठरलं.

परत आल्या त्या दिवशी ताईंच्या शेगडीवर मौनीच उभा होता. त्या दारातच थांबल्या.

मौनीने वळून पाहिलं आणि तो बाजूला सरकला. “मोठ्या तव्याची मूठ ढिली झालीय. सांभाळा. आणि तुमची फडकी कुठे ठेवता हो तुम्ही? शोधून शोधून वेडा झालो मी.”

गर्दी वाढली. पुकारा, घेतलं. पुकारा, घेतलं. तिसऱ्या पुकाऱ्याला ताईंचा हात तव्यापर्यंत पोचलाच नव्हता, आणि शब्द मात्र जिभेवर येऊन बसला होता. त्यांनी तो गिळला.

“थांबा,” त्या म्हणाल्या.

मालकीणबाईंचा चिठ्ठी धरलेला हात खिडकीत तसाच राहिला. बाहेर कुणीतरी चमच्याने टेबल वाजवत होतं. मामांनी नळ बंद केला.

“थांबले,” मालकीणबाई म्हणाल्या.

ताईंनी खुंटीवरून तवा काढला, शेगडीवर ठेवला, जाळ बघितला. मग म्हणाल्या, “घेतलं.”