सहा कच्ची पोरं

घंटामावशीचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. सव्वीस वर्षं शाळेत झाडू मारायचा, पाणी भरायचं आणि लोखंडी पट्टीवर टोले द्यायचे. स्वतः दुसरीतून शाळा सोडलेली, पण शाळा उघडायच्या आधी दारोदार हिंडून पोरं गोळा करायची ती हीच. यंदा हातापाया पडून चोवीस जमवली होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या गुरुजींनी तिला बोलावलं. "मावशी, उद्या साहेब वाचन घेणार. ही सहा कच्ची पोरं घरीच राहू देत. निकाल शंभर टक्के दिसला पाहिजे."

त्यांनी नावं वाचली. शेवटचं मावशीच्या नातीचं.

"ज्या दारात पोरं द्या म्हणाले, त्याच दारात ठेवून घ्या म्हणू?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

नोकरीचा मामला. मावशी गेली. एक आई फिसकन हसली, "काय गं, पोरगं उसनं नेलं होतंस का, परत करायला आलीस?" घरी नात मात्र हसली नाही. "आजी, ज्यांना येतं त्यांचीच असते का गं शाळा?" भाजी चिरता चिरता मावशीनं बोट कापून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अठरा पोरांनी घडाघडा वाचलं. गुरुजींची छाती फुगली. साहेबांनी मान डोलावली आणि डोकी मोजली.

"वाचन उत्तम. पण हजर अठराच? आज वीसच्या खाली भरली तर शाळा बंद, पोरं महामार्गापलीकडच्या शाळेत. तपासणीच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की."

गुरुजींनी पहिलंच पान वाचलं होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "सहा जण आजारी आहेत, साहेब."

दारातल्या मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः दोन पानांचं पत्र पुरं वाचवत नाही, आणि कच्ची म्हणे पोरं!

तिनं हातोडी उचलली आणि भर अकरा वाजता असे टोले हाणले की शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. सहाही पोरं धावत आली. एकाच्या तर कानाला साबण तसाच.

"हे आजारी?" साहेबांनी विचारलं.

"ठणठणीत आहेत, साहेब. वाचता येत नाही, म्हणून घरी बसवली. मीच सांगून आले, माझंही चुकलं. पण दवाखान्यात कधी नुसती धडधाकट माणसं भरती करतात का?"

साहेबांनी नातीपुढे पुस्तक धरलं. ती तिसऱ्याच शब्दाला अडली. बाकीच्या पाचांचीही तीच गत. साहेबांनी शंभर टक्के खोडलं, हजेरीत चोवीस लिहिलं आणि निघून गेले.

"मावशी, शाळेचं नाक कापलंत," गुरुजी पुटपुटले.

"शाळा तर राहिली? नाकाचं बघू नंतर." हातोडी अजून तिच्या हातातच होती. "आता ते दुसरं पान काढा आणि वाचा. मोठ्यानं. या सहा जणांसमोर."