मंजुळाबाईंचे वजनदार पाहुणे

कोपरीतल्या काळुरामशेठच्या चाळीत मंजुळाबाई पगारे यांच्याइतकी पाहुणचाराची हौस कुणालाच नव्हती. निदान गेल्या वर्षापासून तरी. त्याआधीच्या तीस वर्षांत त्यांनी कुणाला पाण्याचा पेला विचारला असेल तर शपथ. आता मात्र तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीवरून कुणी नुसत्या चपला वाजवत गेलं तरी आतून हाक यायची, या की, बसा की. बसायला एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर घडी केलेली गोधडी. चहा आलं ठेचून घातलेला, सोबत खारी. पाहुणा उठायला लागला की दुसरा कप पुढे. लोक म्हणायचे, रिटायर झाल्यापासून बाई सुधारल्या.

बाई काही सुधारल्या नव्हत्या. बाईंना वजन हवं होतं.

त्याचं असं झालं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात शिकाऊ मुलांच्या वर्कशॉपचं स्टोअर त्यांनी उभी नोकरीभर सांभाळलं. खिडकीतून पाना द्यायचा, बदल्यात त्या मुलाचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा. पाना परत आला की बिल्ला परत. पाना हरवला तर त्या मुलाची गाठ साहेबाच्या आधी मंजुळाबाईंशी, आणि मुलं म्हणायची साहेब परवडला. रिटायर झाल्यावर दोन महिने त्यांनी घरातले चमचेच मोजले. नवरा, भगवान, आठ वर्षांपूर्वी गेलेला, त्यामुळे चमचे हरवायलाही कुणी नव्हतं.

मग एकदा त्या शहाडला प्रशांतच्या गाळ्यात गेल्या. प्रशांत त्यांचाच जुना शिकाऊ, एक मोजपट्टी हरवून त्यांच्या शिव्या खाल्लेला. आता त्याच्याकडे लेझरचं मशीन होतं आणि तो प्लायवूडमधून दारावरच्या पाट्या नि गणपतीची मखरं कापत बसायचा. मंजुळाबाईंनी पाच मिनिटं ते मशीन पाहिलं आणि त्याला विचारलं, पान्याच्या आकाराचं भोक कापता येईल का. प्रशांतने कापून दिलं. झालं. बाईंना आयुष्याचं उरलेलं काम सापडलं.

वरच्या फळीत प्रत्येक पान्याच्या, पक्कडीच्या, स्क्रूड्रायव्हरच्या आकाराची भोकं, खाली एक सपाट फळी, दोन्ही चिकटवून ट्रे तयार. प्रत्येक हत्याराला स्वतःची जागा. एखादं नाहीसं झालं तर त्याचं रिकामं भोक लांबूनच दिसतं आणि कुणाला पाठीशी घालत नाही. खोपटच्या गॅरेजवाल्यांनी आधी हसून घेतलं, मग ट्रे घेतले. पुढे डोंबिवलीपर्यंत मागणी गेली.

अडचण एकच होती. फेविकॉल लावलेल्या फळ्यांवर अर्धा तास सगळीकडून सारखा दाब पडावा लागतो, नाहीतर प्लायचा कोपरा पापडासारखा उचलतो. बाईंनी कुकर ठेवून पाहिला, तांदळाचे डबे ठेवून पाहिले, सिलेंडरही आडवा करून पाहिला. कुठे दाब जास्त, कुठे कमी. मग एकदा शेजारची बायजा मिक्सर मागायला आली आणि न विचारता त्या थप्पीवरच टेकली. दोघींनी मिळून अख्ख्या चाळीची उणीदुणी काढली. बायजा उठली तेव्हा ट्रे असा निघाला की कुठे फटीचं नाव नाही.

त्या दिवशी मंजुळाबाईंच्या घरात पाहुणचार जन्माला आला. पेटीवर आधी चिकटवलेल्या फळ्या, त्यांच्या वर-खाली धुऊन कापलेल्या दुधाच्या पिशव्या, म्हणजे फेविकॉल भलतीकडे धरू नये; तरी कडेने थोडा ओघळायचाच. त्यावर जाड पाट, त्यावर गोधडी, आणि गोधडीवर पाहुणा. स्टोअरमधल्या भंगाराचं वजन नजरेने सांगण्याची सवय बाईंना होतीच. बायजा पंचावन्न किलो, लहान ट्रेला बरी. वरच्या मजल्यावरची शिवानी साठाची, पण फोनवर बोलताना डुलायची. एकदा तिच्या डुलण्याने फळी सरकली आणि बारा नंबरच्या पान्याची जागा जन्माची तिरकी झाली. तेव्हापासून शिवानीला खुर्ची.

मोठ्या ट्रेला मात्र या दोघी पुरेनात. आणि अशा वेळी, जणू मागवल्यासारखे, दारात काळुरामशेठ उभे राहिले. शंभर किलो, वर दोनचार.

शेठ आले होते खोली रिकामी करा सांगायला. ही कोपऱ्यातली खोली त्यांच्या वडिलांनी भगवानला नुसती वापरायला दिलेली, कागद कसलाच नव्हता. आता नातवाला, हर्षितला, तिथे जिम काढायची होती. राहती खोली वर होती, दहा बाय बाराची. तिथे फळ्या पसरायच्या म्हटलं तर स्वतः जिन्यात झोपावं लागलं असतं. खोली गेली की काम गेलं, आणि काम गेलं की पुन्हा चमचे. पण घाबरल्या घाबरल्यासुद्धा त्यांच्या नजरेने शेठना तोलून घेतलं होतं. समोर खोपटचा मोठा ट्रे नुकताच फेविकॉल लावून तयार होता. त्या म्हणाल्या, उभ्याने काय बोलता, बसा.

काळुरामच्या आईने पगाऱ्यांच्या घरी कधी पाण्याला तोंड लावलं नव्हतं, जात आडवी यायची. मंजुळाबाई ते विसरल्या नव्हत्या. म्हणून पहिला कप त्यांनी टेबलावर न ठेवता मुद्दाम शेठच्या हातात दिला आणि बघत राहिल्या. शेठनी तो प्यायला आणि दुसरा मागितला. मग बाईंनी सहज त्यांच्या वडिलांच्या मिठागरातल्या दिवसांचं विचारलं, आणि शेठ जे सुरू झाले ते थांबेनात. वडील पहाटे लांब दांड्याचं लाकडी फळं घेऊन मीठ कसं ओढायचे, अनवाणी पायांना कशा चिरा पडायच्या, सगळं. आणि बसणं तर असं की दोन्ही पाय जमिनीला, हात गुडघ्यावर, तसूभर हालचाल नाही. मध्येच कूस बदलली तर बाई हळूच म्हणायच्या, हलू नका शेठ, चहा सांडेल. अर्ध्या तासाने शेठ उठले, दारात त्यांना आठवलं, आणि खोलीचं बघा हां, एवढं म्हणून गेले.

असं तीन महिने चाललं. दर मंगळवारी, दर शुक्रवारी शेठ खोली रिकामी करायला यायचे, नि एक ट्रे दाबून जायचे. बाईंना आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या. आपल्याला घालवायला आलेला माणूस आपलंच काम करून जातो, याहून गोड काय असतं.

मग प्रशांत एकदा प्लाय पोचवायला आला आणि त्याने बायजाच्या खालून ट्रे निघताना पाहिला. आधी तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, मग कारागीर म्हणून त्याला लाज वाटली. मॅडम, माणसं कसली लावता, म्हणाला, आणि पुढच्या खेपेला फळ्या आवळून धरणारे आठ लोखंडी क्लॅम्प आणून दिले. मंजुळाबाईंनी ते तेल पुसून ओळीने मांडले. काम झकास होऊ लागलं. क्लॅम्पला चहा लागत नाही, खारी लागत नाही. हाका बंद झाल्या. बायजा दोनदा दारावरून गेली आणि तिसऱ्यांदा गेलीच नाही. खोली एकदम मोठी वाटायला लागली, आणि हे बाईंना मुळीच आवडलं नाही.

मंगळवारी शेठ आले. पेटीवर ट्रे आठही क्लॅम्पच्या जबड्यात होता, म्हणून बाईंनी प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली. शेठ तिच्यावर बेताने टेकले. या वेळी ते काही विसरले नाहीत. हर्षितचं सामान पुढच्या आठवड्यात येतंय, खोली हवी, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्याची वस्तू मागितली की परत द्यायची, हे त्यांनीच शंभर मुलांना शिकवलं होतं. रविवारपर्यंत रिकामी करते, म्हणाल्या, आणि चहा टाकायला वळल्या, कारण डोळे भरून आले होते.

मागे शेठनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग म्हणाले, "मंजुलाबाय, आज माज्याखाली कायच चिकटवाचा नाय का?"

बाईंच्या हातातली साखर ओट्यावर सांडली.

"मना पयल्या दिसापासना ठाव हाय," शेठ म्हणाले. "तीन लेंगे गेलं माजं त्या फेविकॉलनं. सून इचारते, बाबा, तुमी बसताव तरी कुठं."

इतकं माहीत होतं तर येत का राहिलात, हे बाईंना विचारायचं होतं. शेठच पुढे बोलले, खाली बघत.

"घरान बसलू का सगली बोलतान, बाबा सरका, टीव्ही दिसत नाय. हितं तू बोलतेस, हलू नका."

त्यांनी पेटीवरच्या त्या लोखंडी रांगेकडे एकदा रागाने पाहिलं. मग सांगितलं की हर्षितला गच्ची देतो, वजनं उचलायला छप्पर कशाला लागतं. खोली बाईंनी ठेवावी. क्लॅम्प बाकीच्या ट्रेंना लावायला त्यांची हरकत नव्हती, पण मोठा ट्रे आला तर तो त्यांचा, त्याला लोखंड लावायचं नाही.

मंजुळाबाईंनी शांतपणे गॅस बारीक केला. पेटीशी जाऊन आठही क्लॅम्प एकेक करून सोडले. फेविकॉल अजून ओलाच होता. पाट ठेवला, गोधडी घातली आणि तिच्यावर एक जुना टॉवेल कडेवरून खाली सोडून नीट पसरला, कारण चौथा लेंगा तरी वाचायला हवा होता. मग दोन्ही डोळे पदराला पुसून त्या शेठना म्हणाल्या, "या, बसा. आणि आता उठायची घाई करायची नाही."