घरघरीतलं जातं

ओतूरच्या एसटी स्टँडमागं एक रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आई गेल्यावर तिच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट मी त्याच्याकडं नेली. म्हणालो, "सगळी घरघर काढा."

त्यानं टेपची वायर डिजिटल ऑसिलोस्कोपला, म्हणजे आवाजाची रेघ दाखवणाऱ्या यंत्राला, जोडून बटण दाबलं. नागमोडी रेघ जाऊन पडद्यावर उभ्या काड्या आल्या. जाड आवाजाच्या डावीकडं, बारीक आवाजाच्या उजवीकडं.

"ही पन्नासची काडी लाइटीच्या गुणगुणीची, जागची हलत न्हाई," तो बोट टेकवत म्हणाला. "पर बाजूची बघा, ओवीसंगं वर-खाली व्हतीय. ही घरघर न्हाई, भाऊ, जातं हाय. ऱ्हाऊ द्या."

त्यानं फक्त लाइटीची गुणगुण काढली. कॅसेट लावली, तर आई दळत होती. मी तिथंच स्टुलावर बसलो. त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.