काटकोनमामांची चाळीस पुस्तकं

अभिलेखागारातल्या बांधणीवाल्याला सगळे काटकोनमामा म्हणत. त्यांनी बांधलेल्या पुस्तकाच्या कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावावा, केसाचाही फरक सापडायचा नाही. परक्यांचं राज्य नवं होतं तेव्हा छापलेली पुस्तकं फाटक्या पुठ्ठ्यात त्यांच्याकडे यायची आणि तिन्ही कडा सरळ कापून, नवं कापड लेवून कपाटात जायची. जुने पुठ्ठे रद्दीत.

आधी त्याच टेबलावर त्यांचे वडील बसत. कड कापायची नाही, पुठ्ठा टाकायचा नाही, फाटलं तेवढंच शिवायचं, ही त्यांची रीत.

"अण्णा, हे पुस्तक आहे की गोधडी?" मामा हसायचे.

"त्याचं जे आहे ते त्याच्यापाशी राहू दे रे," अण्णा म्हणायचे.

अण्णा निवृत्त झाले आणि मामांनी, सुट्टीच्या दिवशीही येऊन, त्यांची शिवण एकेक उसवून पुस्तकं 'सुधारली'. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! अण्णांच्या कानावर ते गेलं. पुन्हा ते त्या इमारतीची पायरी चढले नाहीत.

मामांच्या निवृत्तीला महिना राहिला तेव्हा एक संशोधक मुलगी आली. ती पुस्तक वाचतच नसे. पान उजेडात धरी, शिवणीची भोकं मोजी.

"पुस्तक बघतेस की नवरी?" मामांनी विचारलं.

ती हसली. "काका, तेव्हाचे बांधणीवाले छापखान्यातले वाया गेलेले कागद पुठ्ठ्यात भरायचे. जे पुस्तक आज कुठेच उरलेलं नाही, त्याचं पान तिथे मिळू शकतं. तेच शोधत मी इतक्या लांबून आले. पण चाळीस पुस्तकं पाहिली, एकालाही जुना पुठ्ठा नाही. समासात लोकांनी लिहिलेलंसुद्धा अर्धं कापलंय. कोण होता हो हा कसाई?"

मामा आपल्या टेबलाकडे परतले. त्या दिवशी त्यांनी कापायच्या मशीनला हात लावला नाही. तीस वर्षांत आपण किती पुठ्ठे फेकले, ते त्यांना आठवेना. अण्णांना जाऊन बारा वर्षं झालेली. माफी मागायची तरी कुणाची? बैल गेला नि झोपा केला.

दुसऱ्या दिवशी ती जवळजवळ धावतच आली. भलत्याच कपाटात पडून राहिलेलं एक मळकट पुस्तक तिच्या हातात होतं.

"काका, हे एक वाचलं! कडा शाबूत, आणि पुठ्ठ्यात छापील पानं दिसतायत. कुणी शिवलं असेल हे? त्याच्या पाया पडावंसं वाटतंय."

मामांनी कण्यापाशी बोट फिरवलं. दोऱ्याची दुहेरी गाठ हाताला लागली. लहानपणी अण्णांनी त्यांना तीच गाठ मारायला शिकवलं होतं.

"माझ्या वडिलांनी," ते म्हणाले.

तिचे डोळे चमकले. "मग त्यांनी बांधलेली आणखी असतील ना? कुठे आहेत ती?"

मामांनी तिच्या टेबलावरच्या चाळीस पुस्तकांच्या सरळसोट चळतीवर हात ठेवला.

"ही काय," ते म्हणाले. "सगळी इथेच आहेत."